डॉर्टमुंड तळाला गेलं, त्यात कोचचा वाटा किती?

४ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री बोरुसिया डॉर्टमुंड हा जर्मन फुटबॉल क्लब घरच्या मैदानावर ऑग्सबर्गकडून ०-१ असा हरला. उत्तरार्धात ऑग्सबर्गच्या एका खेळाडूला लाल कार्ड मिळालं होतं. समोर दहाच जण, तरी डॉर्टमुंडला एक गोल फेडता आला नाही. १९ सामन्यांत १६ गुण आणि १८ संघांच्या बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, १८ वा क्रमांक. या मैदानाच्या दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये सुमारे २५ हजार लोक उभ्याने सामना बघतात. ‘पिवळी भिंत’ म्हणून ती जगभर प्रसिद्ध आहे. त्या रात्री त्या भिंतीतून शिट्ट्यांचा नुसता भडिमार झाला. (आपल्याकडे शिट्टी म्हणजे दाद. युरोपातल्या मैदानांवर ती बहुतेक वेळा शिवीच्या जवळची असते.) गोलकीपर वायडेनफेलर आणि कप्तान हुमेल्स कुंपणापाशी जाऊन चिडलेल्या चाहत्यांशी बोलत राहिले.

कोच होते युर्गन क्लॉप. याच माणसाने २०११ आणि २०१२ मध्ये डॉर्टमुंडला लीग जिंकून दिली होती आणि २०१३ मध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. त्यामुळे भांडण नुसतं ‘ठेवा की काढा’ एवढ्यावर थांबणारं नव्हतं. एका गटाचं म्हणणं, क्लॉपचा खेळ आता सगळ्यांना कळला. चेंडू गेला रे गेला की तिथेच झडप घालून तो परत मिळवायचा, ही त्यांची पद्धत. मग प्रतिस्पर्ध्यांनी चेंडूच डॉर्टमुंडकडे देऊन टाकला आणि स्वतः मागे दाटीवाटीने उभे राहिले. चेंडू आपल्याकडेच असेल तर झडप घालणार कशावर? दुसऱ्या गटाचं म्हणणं, गोल करणारा लेवानडोव्स्की बायर्न म्युनिक क्लबला गेला, त्याच्या जागी आलेला इमोबिले रुळला नाही, निम्मा संघ जायबंदी आणि जर्मनीच्या संघातले खेळाडू विश्वचषकाहून उशिरा परतलेले. यात कोच काय करणार? दोन्ही बाजूंचे मुद्दे खरे होते. पण कारणं सांगताना दोन्ही गटांनी एक गोष्ट धरूनच ठेवली होती, की निकाल म्हणजेच खेळ.

इयन ग्रॅहम हा केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस तेव्हा इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबमध्ये आकडेवारीचं काम बघत होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आले आणि काही आठवड्यांनी ग्रॅहम कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या खोलीत गेला. त्याने विषय काढला तो डॉर्टमुंडच्या त्याच हंगामातल्या माइन्झविरुद्धच्या सामन्याचा. सप्टेंबर २०१४ मधला हा सामना डॉर्टमुंड ०-२ असं हरलं होतं. ओकाझाकीने माइन्झचा पहिला गोल केला, इमोबिलेची पेनल्टी गोलकीपर कारिउसने अडवली आणि मग गिंटरने चेंडू स्वतःच्याच जाळ्यात घातला. ग्रॅहमच्या हिशेबाने मात्र त्या सामन्यात डॉर्टमुंडचा खेळ सरस होता. क्लॉपना वाटलं, याने सामना पाहिला असणार. ग्रॅहमने तो पाहिलेलाच नव्हता, त्याच्याकडे होती फक्त आकडेवारी. त्याच्या गणिती प्रतिकृतीनुसार (मॉडेलनुसार) त्या हंगामात डॉर्टमुंड दुसऱ्या क्रमांकावर यायला हवं होतं.

सामना न बघता हे कळतं कसं? उत्तर दडलंय गोलांच्या दुर्मिळतेत. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये एक संघ एका सामन्यात साधारण १२-१३ वेळा गोलवर फटका मारतो आणि त्यातून सरासरी दीड गोलही होत नाही. म्हणजे नऊ-दहा फटक्यांमागे एक. हे गुणोत्तर इंग्लंडमधल्या चार्ल्स रीप या हवाई दलातल्या हिशेबनिसाने कधीच मोजलं होतं. मार्च १९५० मध्ये स्विंडन या इंग्लिश क्लबचा सामना बघताना त्याने वहीत खुणा करायला सुरुवात केली आणि १९६८ मध्ये त्यावर एक शोधनिबंधही लिहिला. रीपने यातून काढलेले काही निष्कर्ष, विशेषतः लांब पास मारत सुटण्याचा सल्ला, पुढे वादग्रस्त ठरले. मोजणी मात्र टिकली. बास्केटबॉलमध्ये एका संघाच्या ८०-१०० गुणांत एखादी चूक बुडून जाते. फुटबॉलमध्ये गोलखांबाला लागून बाहेर गेलेला एकच चेंडू अख्खा निकाल फिरवतो.

मग गोलांऐवजी संधी मोजायच्या. पूर्वीच्या हजारो फटक्यांची नोंद घ्यायची आणि अशा जागेवरून, अशा कोनातून, पायाने की डोक्याने, कशा पासवर मारलेले किती फटके आत गेले ते बघायचं. पेनल्टी शंभरातल्या ७८ च्या आसपास आत जाते, म्हणून तिची किंमत ०.७८ गोल. २५ मीटरवरून मारलेल्या साध्या फटक्याची किंमत ०.०३ च्या आसपास. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे ‘अपेक्षित गोल’. हल्ली टीव्हीच्या पडद्यावर कोपऱ्यात ‘एक्सजी’ म्हणून दिसतो तो हाच आकडा. इमोबिलेची ती पेनल्टी फलकावर शून्य म्हणून लागली, या हिशेबात ती पाऊण गोलाची आहे.

आता थोडं गणित करू. एक काल्पनिक संघ घ्या. तो दर सामन्यात सरासरी १.८ गोलांच्या संधी तयार करतो आणि प्रतिस्पर्ध्याला १ गोलाच्या देतो. सरासरीवरून किती गोलांची किती शक्यता ते सांगणारं प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचं सूत्र लावलं, तर हा संघ १०० पैकी ५६ सामने जिंकेल, २३ बरोबरीत सोडवेल आणि २१ हरेल. ३४ सामन्यांत सरासरी ६५ गुण होतात, म्हणजे चांगलाच संघ. पण एखादा सामना न जिंकण्याची शक्यता ४४ टक्के आहे, हे विसरू नका. त्या हिशेबाने एका हंगामात कुठे ना कुठे सलग चार सामने विजयाविना जाण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे. सलग पाच सामन्यांची शक्यता चारात एक. कोच तोच, डावपेच तेच, खेळाडू तेच, कोणाचीही चूक नाही, तरी दर दुसऱ्या हंगामात एकदा तरी महिनाभर ‘आता याला काढा’ अशी ओरड होणारच. मी इथे प्रत्येक सामना सारखा आणि एकमेकांपासून स्वतंत्र धरलाय. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी कधी तगडे, कधी लेचेपेचे असतात. तगडे ओळीने आले, तर अशा मालिका आणखी सहज लागतात.

मात्र याच गणिताने डॉर्टमुंडचा सगळा दोष नशिबावर ढकलता येत नाही, आणि इथे मी पिवळ्या भिंतीच्या बाजूने आहे. अशा संघाला १९ सामन्यांत ३६ च्या आसपास गुण मिळायला हवेत. निव्वळ योगायोगाने त्यात पाच-सहा गुणांचा फरक सहज पडतो, दहा-अकराचा क्वचित. डॉर्टमुंड २० गुणांनी मागे होतं. एवढा खड्डा एकट्या दुर्दैवाने पडत नाही. संघ खरोखर खालावला होता आणि वर नशीबही फिरलं होतं, हेच जास्त पटतं. चाहत्यांना दिसलेली घसरण खरी होती, तिची खोली मात्र गुणतालिकेने फुगवून दाखवली.

आणि नेमका अशा वेळीच कोच काढला जातो. साथीच्या तापात पोराला चौथ्या दिवशी अंगारा लावतात, पाचव्या दिवशी ताप उतरतो आणि श्रेय अंगाऱ्याला जातं. ताप सगळ्यात चढलेला असतानाच अंगारा आठवतो, आणि त्यानंतर तो उतरण्याचीच शक्यता जास्त असते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनला हे १८८० च्या दशकात आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या तक्त्यांत दिसलं होतं. फार उंच पालकांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईबापांपेक्षा थोडी कमी. टोकाच्या कामगिरीत नशिबाचा भाग मोठा असतो आणि तो पुढच्या खेपेला पुन्हा तसाच येईल असं नाही.

डॉर्टमुंडने क्लॉपना काढलं नाही. ऑग्सबर्गच्या पराभवानंतर लगेच संघाने सलग चार सामने जिंकले: फ्रायबुर्ग ३-०, माइन्झ ४-२, श्टुटगार्ट ३-२ आणि शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी शाल्क ३-०. उरलेल्या १५ सामन्यांत ३० गुण आले. संघ सातव्या क्रमांकावर पोचला, जर्मन कपच्या अंतिम फेरीतही गेला. क्लॉपनी एप्रिलमध्येच, हंगाम संपल्यावर जाणार असल्याचं जाहीर केलं होतं. समजा ५ फेब्रुवारीला सकाळी क्लबने नवा कोच आणला असता, तर त्या चार विजयांचं काय झालं असतं? वर्तमानपत्रांनी नव्या कोचच्या शिस्तीवर, त्याच्या भाषणांवर आणि खेळाडूंच्या ‘बदललेल्या देहबोली’वर पानंच्या पानं भरली असती.

एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून संशोधक मोठ्या संख्येकडे वळले. अडचण अशी की क्लबांवर प्रयोग करता येत नाही. चिठ्ठ्या टाकून निम्म्या क्लबांचे कोच काढा, असं कोण करू देईल? मग पळवाट काढली. ज्यांची घसरगुंडी अगदी सारखी होती, पण कोच काढला नाही, असे संघ शोधायचे आणि दोन्ही गटांचं पुढे काय झालं ते ताडून बघायचं. बास टेर वील यांनी १९८६ ते २००४ मधल्या डच फुटबॉलवर हे केलं. पुढे यान फान ऑर्स आणि मार्टिन फान टाउल यांनी नेदरलँड्सच्याच १४ हंगामांवर केलं, तेही एका खुबीने. निकाल ‘किती वाईट’ हे ठरवायला त्यांनी सट्टेबाजांचे भाव वापरले. बलाढ्य संघाकडून हरणं वेगळं आणि जिंकणार अशी सगळ्यांची खात्री असताना हरणं वेगळं, हे त्या भावांत आपोआप येतं. दोन्ही अभ्यासांतून दिसलं ते हेच, की कोच काढल्यावर कामगिरी सावरते, पण न काढलेल्यांचीही तितकीच सावरते.

जर्मनीत तर हे काम डॉर्टमुंडच्या शेजारच्याच म्युन्स्टर गावात झालं. तिथल्या विद्यापीठातले अँड्रेअस हॉयर यांचं मूळ काम रेणूंच्या हालचालींवरचं. २०११ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बुंडेसलीगाच्या स्थापनेपासूनचे हंगाम तपासले. हंगामाच्या मध्यात कोच बदलल्याचा परिणाम जवळपास शून्य. दोन हंगामांच्या मधल्या सुट्टीत बदलला तरी तेच.

यावरून कोच बिनकामाचा, असं कोणी म्हणेल तर ते चूक. हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. एखादा बदल फळतो, एखादा गाळात घालतो, आणि दोन्ही मिळून शून्य येतं. शिवाय या पातळीवरचे बहुतेक कोच कामात तरबेज असतात, त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्यात तफावत थोडी.

अपेक्षित गोलांचीही पूजा करायला नको. लवकर गोल खाल्लेला संघ उरलेला वेळ हल्ला करत राहतो आणि आघाडीवरचा संघ मागे सरून त्याला फटके मारू देतो. मग हरणाऱ्याचा आकडा दिसायला भरघोस होतो. डॉर्टमुंड त्या हंगामात बरेचदा याच अवस्थेत होतं. त्यात सुरुवातीच्या प्रतिकृतींना फटका मारणाऱ्याच्या समोर किती बचावपटू उभे आहेत हे दिसतच नव्हतं. दाटीतून मारलेला फटका आणि मोकळ्यात मारलेला फटका त्यांच्या लेखी एकच. ‘प्रतिस्पर्ध्यांनी क्लॉपना ओळखलं’ हा चाहत्यांचा मुद्दा नेमका या फटीत बसतो.

इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबचं प्रकरण याहून गमतीचं आहे. २०२०-२१ मध्ये कोच ग्रॅहम पॉटर यांचा हा संघ संधींच्या हिशेबात इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगच्या वरच्या फळीत होता, पण ३८ सामन्यांत गोल केले ४० आणि क्रमांक आला १६ वा. छान पास देतात, गोल मारता येत नाही, या टोमण्याने समर्थक स्वतःच हैराण झाले होते. क्लबने पॉटरना ठेवलं. पुढच्या मोसमात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, लीड्सशी गोलशून्य बरोबरी झाल्यावर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तेव्हा ब्रायटन आठव्या क्रमांकावर होतं! हंगाम नवव्या क्रमांकावर संपला. आकडे बरोबर होते म्हणून आनंद मानावा, तर हेच पॉटर सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीला गेले आणि सात महिन्यांत घरी बसले.

डॉर्टमुंडचा वाद पुढच्या हंगामाने मिटवायला हवा होता. २०१५-१६ मध्ये कोच म्हणून थॉमस टुखेल आले. संघाचा कणा तोच होता, थोडीच नवी भर. ७८ गुण आणि दुसरा क्रमांक. बुंडेसलीगात तोवर कुठल्याच उपविजेत्याने एवढे गुण मिळवले नव्हते. ‘बघा, कोच बदलल्याबरोबर कसं झालं’ असं पहिला गट म्हणाला. लिव्हरपूलच्या इयन ग्रॅहमच्या कागदांवर मात्र त्याच संघाच्या नावापुढे, टुखेल येण्याआधीच्या हंगामासाठीच, दुसरा क्रमांक लिहिलेला होता.