कोकण रेल्वे : बांधकामाचे नियोजन व व्यवस्थापन

रायगड जिल्ह्यातील रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा लोहमार्ग १९९० ते १९९८ या काळात बांधला गेला. मोठे बांधकाम वेळेत आणि पैशांच्या मर्यादेत कसे बसवावे, याचे भारतातील सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्हणून या प्रकल्पाकडे पाहता येते. त्यातले यश जितके शिकवते, तितकेच फसलेले हिशोबही शिकवतात.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी. अ. बा. वालावलकर, बॅ. नाथ पै, मधू दंडवते यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. तरीही गाडी रोह्यापर्यंत यायला १९८६ उजाडले. अडसर मुख्यतः पैशांचा होता. रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून दरवर्षी थोडीथोडी रक्कम मिळत राहिली असती, तर काम कित्येक दशके रेंगाळले असते. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना निराळी वाट काढण्यात आली. त्या वर्षीच्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भागभांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला पैसा बाजारातून रोखे काढून उभा केला. रोख्यांवर व्याज चढते, त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना खर्चात दिसू लागला. सरकारी कामात क्वचित आढळणारी निकड इथे पहिल्या दिवसापासून होती, ती यामुळेच.

महामंडळाचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ई. श्रीधरन. त्यांनी संपूर्ण मार्ग सात विभागांत वाटला : महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक विभाग साधारण शंभर किलोमीटरचा, आणि त्याच्या डोक्यावर एक मुख्य अभियंता. निविदा, बिले, आराखड्यातले बदल यांचे बरेचसे अधिकार या अभियंत्याकडेच दिले होते. एरवी साइटवर खडकाची जात बदलली की पत्र वर जाते, शेरा मारून खाली येते, आणि तोवर ठेकेदाराची यंत्रे उभी राहतात. इथे निर्णय कामाच्या जागीच व्हायचा. या प्रकल्पाची खरी कमाई कोणती असे विचारले, तर पूल आणि बोगद्यांच्याही आधी या व्यवस्थेचे नाव घ्यावे लागेल.

जमीन मिळवणे हे नियोजनातले पहिले आणि बहुधा सर्वांत नाजूक काम. कोकणात जमिनीचे तुकडे लहान, सातबाऱ्यावर नावे अनेक, आणि निम्मे खातेदार मुंबईला. ४० हजारांहून अधिक जमीनधारकांशी व्यवहार करायचा होता. महाराष्ट्रात लोकांनी त्यात मोठी साथ दिली. वाडवडिलांची आंबा-काजूची कलमे जाताना पाहणे सोपे नसते. त्या त्यागाची नोंद अभियांत्रिकीच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. गोव्यात मात्र मार्ग कुठून न्यावा यावर तीव्र वाद झाला. खाजन शेती (खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली), दाट वस्ती आणि जुन्या गोव्याचा वारसा यांना धक्का लागेल, हा आक्षेप गंभीर होता. त्यासाठी ओझा समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिथले काम काही महिने थांबले.

बांधकामाच्या वेळापत्रकात कामे दोन प्रकारची असतात. काही कामे थोडी पुढेमागे झाली तरी चालतात. काही एकमेकांवर अशी अडकलेली असतात की त्यातले एक लांबले की सगळा प्रकल्प लांबतो. दुसऱ्या प्रकारच्या कामांच्या साखळीला क्रांतिक मार्ग म्हणतात. ती शोधण्याची पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली. कोकणात ही साखळी बोगद्यांतून जात होती. ९० पेक्षा जास्त बोगदे, मिळून सुमारे ८४ किलोमीटर. त्यांतला सर्वांत लांब रत्नागिरीजवळचा करबुडे, साडेसहा किलोमीटरचा. हिशोब मांडून पाहा. बोगदा दोन्ही तोंडांकडून खणला, तर प्रत्येक तोंडाच्या वाट्याला सव्वातीन किलोमीटर येतात. छिद्रे पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे, धूर निघून जाईपर्यंत थांबायचे, दगड उपसायचा, छत सुरक्षित करायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला सरासरी तीन मीटर सरकले, तरी हजाराहून जास्त दिवस लागतात. माणसे वाढवून हा वेळ कमी होत नाही, कारण तोंडाशी जागाच तेवढी. म्हणून सह्याद्रीचा कठीण कातळ फोडण्यासाठी स्वीडनहून नऊ हायड्रॉलिक यंत्रे आणली गेली. कातळ कितीही कठीण असला, तरी तो फोडण्याचा वेग आधी मोजता येतो.

मऊ माती मोजता आली नाही. जांभ्याच्या थराखाली अनेक ठिकाणी पाण्याने भिजलेली चिकणमाती असते. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तिला शेडी म्हणतात. कोरडी असताना ती घट्ट उभी राहते, पाणी लागले की पिठासारखी वाहू लागते. असे नऊ बोगदे निघाले. खणलेला भाग डोळ्यांदेखत बसायचा आणि तोच पुन्हा खणावा लागायचा. यंत्र तिथे निरुपयोगी होते. हातांनी, वीत-वीत पुढे जायचे. गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण संपूर्ण मार्ग शेवटी त्याच्यासाठी अडून राहिला. या मऊ मातीच्या बोगद्यांनी १९ कामगारांचे जीव घेतले. सगळ्या प्रकल्पात ७४ जण गेले. आज गाडी पेडण्याच्या अंधारातून मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर पडते. त्या अंधारात किती जणांची वर्षे आणि किती जणांचे प्राण गेले, हे प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असायला हवे.

दुसरे बंधन पावसाचे. रत्नागिरी परिसरात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भराव आणि नदीपात्रातली कामे दसरा ते मे या काळातच उरकावी लागत. पाया पाण्याच्या वर येण्याआधी मृगाचा पाऊस आला, की ते काम सरळ पुढच्या हंगामावर. म्हणून इथे वर्ष आठ महिन्यांचे धरूनच आखणी करावी लागते.

पुलांच्या कामात मात्र कल्पकतेने वेळ वाचवता आला. रत्नागिरीजवळचा पानवल पूल दरीच्या तळापासून ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब. एवढ्या उंचीवर खालून मचाण उभारणे वेळखाऊ, शिवाय धोक्याचे. त्यामुळे पुलाचा काँक्रीटचा पोकळ तुळईसारखा भाग दरीच्या काठावर तुकड्या-तुकड्याने ओतला. एक तुकडा पक्का झाला की आधीच्याला जोडायचा आणि सगळी लांबी जॅकने खांबांवरून पुढे ढकलायची. भारतात ही पद्धत पहिल्यांदा इथेच वापरली गेली. होन्नावरला शरावती नदीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब आहे.

तयार झालेला भाग लगेच वापरात आणायचा, हेही धोरण होते. १९९३ मध्ये दक्षिणेकडे मंगळूर ते उडुपी आणि उत्तरेकडे रोहा ते वीर गाड्या सुरू झाल्या. रत्नागिरीला गाडी १९९६ मध्ये पोचली. संपूर्ण मार्गावर पहिली गाडी २६ जानेवारी १९९८ रोजी धावली. मूळ उद्दिष्ट पाच वर्षांचे होते, लागली सव्वासात. सुरुवातीला हजार कोटी रुपयांच्या आसपास असलेला अंदाज शेवटी सुमारे ३,५०० कोटींवर गेला. त्यात कर्जावरच्या व्याजाचा वाटा मोठा होता.

आणखी एक किंमत मार्ग सुरू झाल्यावर मोजावी लागली. डोंगर कापून केलेल्या कटिंगचे उतार अनेक जागी फार तीव्र राहिले होते. उतार सौम्य ठेवायचा तर जमीन जास्त लागते, माती जास्त काढावी लागते, पैसाही जास्त. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि ५१ प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर उतार पुन्हा कापून सौम्य करणे, दगड अडवण्यासाठी जाळ्या बसवणे, पाण्याला वाट काढून देणे ही कामे वर्षानुवर्षे चालली. पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवून वेगळे वेळापत्रक लागू होते, आणि दरडीच्या जागांवर गस्तीची माणसे रात्रभर कंदील-बॅटरी घेऊन रूळ चालून पाहतात.