पाळी गेली, आठवण शाबूत राहील का?

पाळी जायच्या सुमारास अनेक बायका सांगतात, ओट्यापाशी येते आणि कशासाठी आले तेच आठवत नाही. रोज भेटणाऱ्या शेजारणीचं नाव ओठांवर येऊन अडतं. ही तक्रार खरी आहे. ‘वय झालं’ म्हणून ती उडवून लावलेली मला बघवत नाही. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन या काळात घटतं, आणि स्मरणाचं काम पाहणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस या इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतो. मग ते बाहेरून दिलं तर?

अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची ‘प्रेमारिन’ ही गोळी १९४२पासून मिळते. ती घेणाऱ्या बायकांत स्मृतिभ्रंश कमी आढळल्याचं काही पाहण्यांत दिसलं होतं. पण गोळी घेणाऱ्या बहुधा जास्त शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या. गुण गोळीचा की राहणीचा?

म्हणून तिथल्या एका मोठ्या चाचणीत ६५ ते ७९ वयाच्या ४,५३२ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे आणखी एक हार्मोन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. निकाल २००३ साली आला. औषध घेणाऱ्यांत संभाव्य स्मृतिभ्रंशाच्या ४० जणी, दुसऱ्या गटात २१. आशा होती त्याच्या नेमकं उलट! प्रमाण दुप्पट झालं खरं, पण दहा हजार बायकांमागे वर्षाला जादा रुग्ण २३. हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

या बायकांची पाळी जाऊन बरीच वर्षं लोटली होती. लवकर सुरुवात केली तर फायदा होईल, असं काहींना वाटलं. पाळी जाऊन तीन वर्षंही न झालेल्या बायकांना चार वर्षं हार्मोन देऊन पाहिले. स्मरणशक्ती सुधारली नाही, बिघडलीही नाही. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, त्यावर हे उपचार चांगले लागू पडतात. विसरभोळेपणावरचं औषध म्हणून मात्र ते मागू नयेत.

ज्यांचे दोन्ही बीजकोश ऐन तरुणपणी काढले जातात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचं इस्ट्रोजेन एकाएकी तुटतं, आणि पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत असा सल्ला सहसा दिला जातो. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड कामगार बायकांत तिशीतच ‘पिशवी काढलेल्या’ कितीतरी आहेत. पिशवीबरोबर बीजकोशही काढले का, हे त्यांच्या कागदांवरून त्यांना कुणीतरी वाचून सांगायला हवं.