कोणत्या विकेटला कोणता लेदर बॉल?

आठ ओव्हरमध्ये बॉल सोलवटला म्हणून आमच्या दुकानात परत आणताना आधी विकेट कशाची होती ते सांगा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

सिमेंट विकेट
नेटसाठी सोयीची, पाऊस थांबला की पुसून लगेच खेळता येतं. पण बॉल सगळ्यात जास्त मार खातो तो इथेच. गुळगुळीत कोब्यावर टप्पा पडला की चेंडू सरळ, वेगात आणि उंच येतो. कोबा खरबरीत असेल तर तो पॉलिश पेपरचं काम करतो: आधी वरची चकाकी जाते, मग सीमचा, म्हणजे बॉलच्या मधल्या उठावदार शिवणीचा, दोरा झिजतो. एक टाका तुटला की शेजारचे उसवायला वेळ लागत नाही. इथे हाताने शिवलेला चार पीसचा (चामड्याचे चार तुकडे जोडलेला) बॉल नेऊ नका. आमचा धंदा त्यात जास्त असला तरी हेच सांगू. रोजच्या नेटला दोन पीसचा साधा बॉल पुरे. जमलं तर सिमेंटवर मॅट अंथरा.

मॅट
काथ्याच्या जाड धाग्यांत सीम पकडली जाते, म्हणून कटर (वेगवान बोलरचा टप्प्यावर वळणारा चेंडू) आणि लेगस्पिन चांगले वळतात, उसळीही जास्त मिळते. सीम उठावदार असलेला चार पीसचा बॉल इथे पैसे वसूल करतो. मात्र मॅट सैल असेल तर सुरकुतीवर पडलेला एक चेंडू छातीवर येतो आणि दुसरा घोट्यावर. आधी एक टोक खिळ्यांनी पक्कं करा. दुसरं टोक चौघांनी ओढून धरा आणि ठोका. बाजूचे खिळे शेवटी, मधून टोकांकडे जात. खिळ्याचं डोकं वर राहिलं तर चामड्याला चीर पडते. ती तक्रार आम्ही घेत नाही.

मातीची विकेट
कृष्णाकाठची काळी माती ओल धरून ठेवते. सकाळी थोडी ओल असते तेव्हा नवा चेंडू सीमवर पडून आत-बाहेर जातो. ऊन चढलं की माती भेगाळते. भेगेच्या कडेवर पडलेला चेंडू उडतो किंवा खाली राहतो, आणि स्पिनरचं काम सुरू होतं. मॅचसाठी चार पीसचा लाल बॉल घ्या. तांबड्या मातीच्या मैदानावर पांढरा बॉल लवकर मळतो आणि संध्याकाळी दिसत नाही.

घेताना काय पाहायचं
पुरुषांच्या नव्या बॉलचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम, घेर २२.४ ते २२.९ सेंमी. महिलांचा बॉल याहून हलका आणि लहान असतो. स्मृती मानधना ज्या सांगलीत वाढली, तिथे मुलींच्या हातात पुरुषांचा बॉल द्यावा हे आम्हाला पटत नाही. दुकानात काटा आहे, वजन करून मागा. सीमवरून अंगठ्याचं नख फिरवा: टाके एकसारखे लागले पाहिजेत, कुठे खड्डा नको. मग बॉल जमिनीवर हळू घरंगळू द्या. डोलत गेला तर तो गोल नाही किंवा आत एका बाजूला जड आहे. दुसरा मागा.

ओला झाला तर
दवात भिजलेला बॉल जड होतो आणि चामडं फुगून मऊ पडतं. कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वाऱ्याला ठेवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलात तर चामडं कडक होऊन तडकतं. चकाकीसाठी घाम चालतो. लाळेला एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या क्लबच्या) नियमांत २०२२ पासून मनाई आहे, आणि व्हॅसलिन किंवा मेण आधीपासूनच चालत नाही.

बदली
मॅटवर किंवा मातीवर पहिल्या दहा ओव्हरच्या आत शिवण उसवली किंवा बॉलचा आकार गेला, तर बॉल आणि बिल घेऊन या, बदलून देऊ. सिमेंटवर खेळलेला बॉल बदलून मिळणार नाही. झीज कशावर झाली ते चामड्याकडे पाहून कळतं.