पाणबुडी, स्वतः बांधलेली : रचना व सुरक्षितता

एकदोन माणसांना पाण्याखाली नेण्यासाठी हौशी कारागिराने गॅरेजमध्ये, अंगणातल्या मांडवात किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बांधलेली पाणबुडी. हिचे दोन प्रकार आहेत. ओल्या पाणबुडीत आत पाणीच असते आणि बसणारा माणूस पाणबुड्याचे सिलिंडर व मुखवटा लावून बसतो. कोरड्या पाणबुडीत आत जमिनीवरच्या हवेइतकाच दाब राहतो आणि बाहेरच्या पाण्याचा सगळा भार कवच सोसते. पुढील विवेचन कोरड्या पाणबुडीचे आहे, कारण तिच्यात कवच, वजन आणि हवा या तिन्हींचा हिशेब बांधणाऱ्यालाच करावा लागतो.

एकट्यादुकट्याने पाणबुडी बांधण्याची परंपरा आरमारी पाणबुड्यांपेक्षा जुनी आहे. कॉर्नेलिस ड्रेबेलने 1620 च्या सुमारास थेम्स नदीत वल्ह्यांची पाणबुडी चालवली. डेव्हिड बुशनेलची एका माणसाची ‘टर्टल’ 1775 ची. विसाव्या शतकात अमेरिकी आरमारातून निवृत्त झालेले जॉर्ज किट्रेज यांनी के-250 आणि के-350 या छोट्या पाणबुड्यांचे आराखडे तयार केले. नावातला आकडा फुटांतली खोली सांगतो. कार्ल स्टॅन्ली यांनी शाळकरी वयात पहिली पाणबुडी बांधायला घेतली आणि पुढे स्वतःच्याच बांधणीच्या ‘आयडाबेल’मधून होंडुरासच्या रोआतान बेटावर प्रवाशांना खोल पाण्यात नेले. म्हणजे हे काम अशक्य नाही. मात्र ज्यांनी ते नीट केले त्यांनी समुद्रापेक्षा आकडेमोडीत जास्त दिवस घालवले.

गोव्यात या कामाला लागणारे हात आहेत. खनिज वाहणाऱ्या बार्जी मांडवी-झुवारीच्या काठावर बांधल्या आणि दुरुस्त केल्या गेल्या. प्लेट कापणारे, रोल करणारे, वेल्डिंग करणारे कारागीर त्यातून तयार झाले. वास्कोला गोवा शिपयार्ड आहे, दोनापावलाला 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पण बार्जीचा चांगला वेल्डर म्हणजे पाणबुडीचा चांगला वेल्डर असे मानणे धोक्याचे. बार्जीच्या तळावर फार तर तीनचार मीटर पाण्याचा भार येतो आणि प्लेटला थोडा पोचा पडला तरी बार्ज तरंगतेच. पाणबुडीत तोच पोचा जीव घेऊ शकतो.

कारण असे. समुद्रात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण, म्हणजे चौरस मीटरला साधारण दहा टन, एवढा दाब वाढतो. एक मीटर व्यासाचे, 8 मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी प्लेटचे नळकांडे घेऊ. धातूची ताकद तेवढी पाहिली तर ते चारशे मीटरपर्यंत टिकेल असा हिशेब येतो, आणि नवखा माणूस इथेच खूश होऊन थांबतो. पण बाहेरून दाबलेले नळकांडे धातू हार मानण्याआधीच चेपते. आतली हवा ओढून घेतलेला पत्र्याचा डबा चेपतो तसे. लांब, आतून आधार नसलेल्या याच नळकांड्याचा चेपण्याचा हिशेब केला तर उत्तर येते सुमारे बावीस मीटर. चारशे आणि बावीस! त्याच नळकांड्याला आतून दर अर्ध्या मीटरला भक्कम रिंगा दिल्या की चेपण्याची मर्यादा कागदावर सहाशे मीटरच्या पुढे जाते आणि धातूची ताकद पुन्हा मोलाची ठरते. थोडक्यात, पैसे जाड प्लेटवर उधळण्याआधी रिंगांवर आणि गोलाईवर खर्च करावेत. गोलाईतली चूक त्रिज्येच्या अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवतात. वरच्या उदाहरणात ती अडीच मिलिमीटर भरते. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट ओढली जाते, म्हणून गोलाई वेल्डिंगनंतर पुन्हा मोजायची असते. गोलाकार कवचात ताण नळकांड्याच्या निम्मा असतो, पण असा गोल घरी बनवणे फार कठीण. भारताच्या ‘मत्स्य 6000’ या तीन माणसांच्या पाणबुडीसाठी 2.1 मीटर व्यासाचा, 80 मिलिमीटर जाडीचा टायटॅनियमचा गोल ठरवला आहे.

नव्या पदार्थांचा मोह इथे टाळावा. 18 जून 2023 रोजी टायटॅनिकच्या अवशेषांकडे निघालेल्या ‘टायटन’चे कार्बन फायबरचे कवच फुटून आतले पाचही जण गेले. ती घरगुती नव्हती, पण तिने कोणत्याही नौका-वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र घेतले नव्हते, आणि आधीच्या सफरींत कवचाचे थर सुटू लागले होते असे तपासात पुढे आले. पोलाद वाकताना मोजता येते, तपासता येते. हौशी माणसाला त्याहून जास्त काही परवडत नाही.

हॅचचे, म्हणजे आत-बाहेर जाण्याच्या तोंडाचे, झाकण कसे असावे हे खाजन शेती (खाडीकाठची बांध घातलेली शेती) पाहिलेल्या गोवेकराला सांगावे लागत नाही. मानशीचे (बांधातल्या पाणवाटेचे) दार भरतीचे पाणी आपल्याच भाराने चौकटीवर दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी तेच दार ढकलून बाहेर पडते. पाणबुडीचे झाकणही बाहेरून बसते आणि जितके खोल जावे तितके घट्ट होते. म्हणूनच ते गळते ते बहुधा वरच्या एकदोन मीटरांत, ओ-रिंग (झाकणाखालचे रबरी कडे) अजून नीट दाबली गेलेली नसते तेव्हा. खाली उतरण्याआधी तिथे थांबून पाहणे ही चांगली सवय आहे. या रचनेची दुसरी बाजूही आहे. अर्ध्या मीटर व्यासाच्या झाकणावर तीन मीटर खोलीला सहाशे किलो भार असतो, तीस मीटरला सहा टन. ते हाताने उघडणार नाही. सुटकेसाठी आत पाणी घेऊन दाब बरोबर करावा लागतो. तीस मीटरवर आतली हवा दाबली जाऊन पाव भागात मावते आणि उरलेल्या जागेत पाणी चढते. तोवर श्वास घेण्यासाठी स्वतंत्र सिलिंडर हवे, आणि वर येताना श्वास सोडत यावे लागते, नाहीतर फुप्फुसे फाटतात. म्हणून माणसाने बाहेर पडण्याची वेळ येण्याआधी पाणबुडीच वर यावी, अशी रचना करतात.

त्यासाठी वजन. एक मीटर व्यासाची, अडीच मीटर लांबीची पाणबुडी जवळजवळ दोन टन पाणी बाजूला सारते, म्हणजे बुडण्यासाठी तिलाही दोन टन भरावे लागते. पृष्ठभागावर तरंगण्यासाठी बाहेरच्या टाक्यांत हवा असते. टाकी वरून उघडली की खालून पाणी शिरते. ते परत हाकलण्यासाठी खोलवर हवा जास्त लागते : तीस मीटरवर 100 लिटर पाणी काढायला पृष्ठभागावरची 400 लिटर हवा. हवा संपली, बॅटरी गेली, तरी उपयोगी पडावे म्हणून तळाला शिशाचे सोडवजन बांधतात. ते आतून हाताने फिरवायच्या स्क्रूने सुटले पाहिजे, विजेच्या बटणाने नव्हे. आणि पाणबुडी तिरकी पडली असतानाही सुटले पाहिजे.

गोव्याच्या खाड्यांत वजनाचा हिशेब आणखी नाजूक होतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. अरबी समुद्रात समतोल साधलेली दोन टनांची पाणबुडी मांडवीच्या गोड्या पाण्यात पन्नास किलो जड ठरते, म्हणजे दगडासारखी खाली जाते. पावसाळ्यात तर मुखाशी वर गोडे आणि खाली खारे असे थर पडतात. उतरताना नौका भराभर जाते आणि खाऱ्या थरावर अचानक अडते; चालकाला वाटते तळ लागला. जून ते सप्टेंबर हे काम बंदच ठेवावे. खवळलेला समुद्र आणि गढूळ पाणी ही कारणे तर आहेतच.

हवेविषयीचा मोठा गैरसमज म्हणजे माणूस ऑक्सिजन संपून मरतो हा. बंद कोठडीत आधी घात करतो तो कार्बन डायऑक्साइड. हलकी हालचाल करणारा माणूस तासाला सुमारे 25 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दीड घनमीटर हवेत एका माणसामुळे त्याचे प्रमाण तासाला दीड टक्क्याहून अधिक वाढते. तीन टक्क्यांना डोके दुखते, धाप लागते, दहाच्या आसपास शुद्ध हरपते. जून 1973 मध्ये फ्लोरिडाजवळ ‘जॉन्सन सी लिंक’ एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यात अडकली, तेव्हा मागच्या थंड कप्प्यातले शोषक रसायन निकामी झाले आणि दोघे दगावले. पुढच्या कप्प्यातले दोघे वाचले. त्याच वर्षी आयर्लंडजवळ 480 मीटरवर पडलेल्या ‘पायसीस 3’ मधले दोघांना 76 तासांनी जिवंत वर काढता आले, कारण त्यांनी हालचाल आणि बोलणे जवळजवळ थांबवून हवा पुरवली. सोडा लाइम या शोषक रसायनाचा डबा, त्यावर हवा फिरवणारा पंखा आणि ऑक्सिजनची तीन दिवसांची शिल्लक ही चैन नव्हे. ऑक्सिजनच्या झडपेला तेल किंवा ग्रीस लावू नये; आग लागते.

बॅटऱ्या माणसाच्या कोठडीबाहेर, वेगळ्या कवचात ठेवतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की पेट घेतो, आणि तिच्यावर समुद्राचे पाणी पडले तर क्लोरीन निघतो.

ॲक्रिलिकच्या खिडक्या ठरलेली वर्षे आणि ठरलेल्या फेऱ्या झाल्या की दिसायला चांगल्या असल्या तरी बदलाव्या लागतात. उष्णतेने ॲक्रिलिक नरम पडते. मे महिन्याच्या उन्हात पाणबुडी उघड्यावर ठेवून लगेच पाण्यात सोडू नये, खिडकी स्पिरिट किंवा थिनरने पुसू नये. त्याने बारीक तडे जातात.

गोव्याच्या किनाऱ्यावर माझ्या मते सर्वांत मोठा धोका जाळ्यांचा आहे. रापणीची, ट्रॉलरची, तुटून तळाशी पडलेली जाळी गढूळ पाण्यात दिसत नाहीत. 2005 मध्ये कामचात्काजवळ 190 मीटरवर रशियन ‘एएस-28’ जाळ्यांत अशीच अडकली. ब्रिटिश यंत्रमानवाने ती जाळी कापली तेव्हा सात जण वाचले. घरगुती पाणबुडीसाठी असा यंत्रमानव वेळेवर येणार नाही. म्हणून पाणबुडीच्या अंगावर खिळे, कड्या, उघडा पंखा काहीही बाहेर ठेवू नये, आणि पाणबुडीला दोरीने बांधलेला, वर तरंगणारा बोया सोबत न्यावा. पाण्याखाली रेडिओ चालत नाही. वरचे तारवटी तो बोया पाहूनच जागा ओळखतात. गाबीत-खारवी मच्छीमारांना आधी विचारले तर कुठल्या खडकावर जाळी अडकतात ते त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही. बंदर खाते, तटरक्षक दल आणि नौदल यांना कळवल्याशिवाय तर उतरूच नये. मुरगाव बंदराची आणि नौदलाची वर्दळ या भागात सतत असते.

पृष्ठभागावर उघडे झाकण हाही मोठा घातक क्षण. 1863 मध्ये अमेरिकी यादवी युद्धातली ‘हनली’ ही पाणबुडी धक्क्याजवळ झाकणे उघडी असताना बुडाली आणि पाच जण गेले. मांडवीतल्या फेरीबोटीची लाट अर्धा मीटर उंचीच्या हॅचवरून सहज आत येते, आणि समतोल साधलेल्या पाणबुडीला बुडायला काही बादल्या पाणी पुरते. टाक्या पूर्ण रिकाम्या झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

पहिली बुडी माणसाविना असते. कवचाची गोलाई ठिकठिकाणी मोजून लिहून ठेवतात, मग रिकामी पाणबुडी वजने बांधून, क्रेनच्या दोरीवर ठरलेल्या कामाच्या खोलीच्या सव्वा ते दीडपट खाली सोडतात आणि तासभर ठेवतात. मांडवी-झुवारीत त्यासाठी पुरेशी खोली नाही. गोव्याचा समुद्रतळ हळूहळू उतरत जातो, म्हणून बार्ज घेऊन बरेच मैल आत जावे लागते. वर आणल्यावर आत पाणी किती आले ते पाहतात आणि गोलाई त्याच खुणांवर पुन्हा मोजतात. आकडे हलले असतील तर कवच भंगारात जाते.