बेळगाव सीमाभागातील स्थानिक संस्थांचे पर्यावरण धोरण

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम व वायव्य भागात, म्हणजे मुख्यतः बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी व निपाणी या तालुक्यांत, महानगरपालिका, नगरपालिका, पट्टण पंचायती (लहान शहरांच्या पंचायती) व ग्रामपंचायती पाणी, सांडपाणी, कचरा, वृक्ष आणि जैवविविधता यांबाबत जे नियम व जी कार्यपद्धती अवलंबतात, त्यांचा निर्देश या नोंदीत केला आहे. हे धोरण एखाद्या दस्तऐवजात एकत्र सापडत नाही. राज्याचे कायदे, केंद्राचे नियम, अंदाजपत्रकातील शीर्षे आणि सभांचे ठराव यांतून ते जुळवून घ्यावे लागते.

उगम : या धोरणाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो १८५० च्या २६ व्या कायद्यापासून धरावा. त्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी नगरपालिका स्थापन झाल्या आणि बेळगावची नगरपालिकाही सर्वसाधारणपणे त्याच दशकातील मानली जाते. गटारे, सार्वजनिक विहिरी व केरकचरा यांची जबाबदारी तेव्हापासून नगरपालिकांकडे आली हे खरे. मात्र तिचा हेतू रोगराईला आळा घालण्यापुरता होता. दुसरे मत व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्यविषयक १८८२ च्या ठरावानंतर आलेल्या, लोकल बोर्डे व जिल्हा नगरपालिका यांविषयीच्या मुंबई इलाख्याच्या १८८४ च्या दोन कायद्यांना महत्त्व देते, कारण ग्रामीण भागातील तलाव, विहिरी व रस्त्याकडेची झाडे त्यांमुळे प्रथमच निर्वाचित सदस्य असलेल्या संस्थांच्या कक्षेत आली. तिसरे मत १९९२ हे वर्ष निर्णायक मानते. त्या वर्षी जूनमध्ये रिओ द जानेरो येथील संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण व विकास परिषदेने ‘अजेंडा २१’ हा कृतिकार्यक्रम स्वीकारला व त्याचे २८ वे प्रकरण स्थानिक संस्थांना वाहिले. डिसेंबरमध्ये संसदेने पंचायतींविषयीची ७३ वी व नागरी संस्थांविषयीची ७४ वी घटनादुरुस्ती संमत केली. ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतील आठवी बाब नागरी वनीकरण, पर्यावरणाचे संरक्षण व परिस्थितिकीय पैलूंचे संवर्धन अशी आहे. ही बाब रिओ परिषदेचे थेट फलित असल्याचे काही वेळा सांगितले जाते. पण या दुरुस्तीचे विधेयक लोकसभेत सप्टेंबर १९९१ मध्येच, म्हणजे परिषदेपूर्वी, मांडले गेले होते. तेव्हा दोहोंमागे शाश्वत विकासाची कल्पना मांडणाऱ्या ब्रुंटलंड आयोगाच्या १९८७ च्या अहवालानंतरचे एकच वैचारिक वातावरण होते, एवढेच फार तर म्हणता येईल. कर्तव्ये एकोणिसाव्या शतकातील आणि त्यांना ‘पर्यावरण’ या शीर्षाखाली एकत्र आणणारी मांडणी १९९२ नंतरची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कायद्यांची चौकट : १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. मुंबईच्या कायद्यांची जागा पुढे १९६४ चा नगरपालिका कायदा, १९७६ चा महानगरपालिका कायदा व १९९३ चा पंचायत राज कायदा यांनी घेतली. शेजारच्या चंदगड व कागल तालुक्यांत मात्र महाराष्ट्राचे कायदे लागू असल्याने तुलनेची चांगली सोय होते. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठीच्या १९७५ च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरण ही स्थानिक संस्थेचीच समिती असते आणि तोडीची परवानगी तेथे मागावी लागते; कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात वृक्ष अधिकारी हा वन खात्याचा अधिकारी असतो. परिणामी कागलमध्ये जो विषय नगरपरिषदेत निघतो, तोच विषय निपाणीत वन खात्याच्या कार्यालयात जातो. नदीच्या प्रदूषणाचेही तसेच. १९७४ च्या जल कायद्याने सांडपाणी सोडण्यास संमती देण्याचे व कारवाईचे अधिकार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिले असून नगरपालिका स्वतःच त्या मंडळाच्या नियंत्रणाखालील एक सांडपाणी सोडणारी संस्था ठरते. विषय अनुसूचीने मिळाले, अधिकार पूर्वीच्याच ठिकाणी राहिले; सीमाभागातील धोरणाची बरीचशी मर्यादा यातून आली आहे. बेळगाव छावणी (कँटोन्मेंट) क्षेत्र तर २००६ च्या छावणी कायद्याखाली केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

पाणी : या क्षेत्रात मात्र स्थानिक संस्थेचे काम ठळकपणे दिसते. बेळगाव शहर दख्खनच्या काळ्या पाषाणावरील जांभ्याच्या थरावर वसले आहे. सच्छिद्र जांभा पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, त्यामुळे जुन्या वस्तीत घरोघरी आड आणि पेठांतून मोठ्या बांधीव विहिरी असत. डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडी परिसरात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली, ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ओळखली जाणारी विहीर त्यांपैकीच होय. मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयाचे आणि पुढे घटप्रभेवरील हिडकल धरणाचे पाणी नळाने येऊ लागल्यावर विहिरी ओस पडल्या. अनेकींचा उपयोग केर टाकण्यासाठी व गणेशमूर्तींच्या विसर्जनासाठी होऊ लागला.

१९९० च्या दशकाच्या मध्यास तीव्र टंचाई आली, तेव्हा महानगरपालिकेने निवडक विहिरींतील गाळ उपसला, ढासळलेले दगडी बांधकाम दुरुस्त केले, तोंडावर जाळ्या बसविल्या आणि पंप लावून ते पाणी आसपासच्या वस्तीला दिले. राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे कठीण खडक प्रदेशासाठीचे केंद्र बेळगावातच असल्याने शहराच्या भूजलाचा अभ्यासही झाला. या उपक्रमाला धोरणाचे नाव कोणी दिले नव्हते, तरी ज्यासाठी संस्थेला वरची परवानगी लागली नाही असे ते काम होते, आणि या नोंदीतील इतर कोणत्याही योजनेपेक्षा त्याचा उल्लेख अधिक आदराने व्हावयास हवा.

याउलट चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग बाहेरून आला. जागतिक बँकेने २००४ मध्ये कर्ज मंजूर केलेल्या प्रकल्पात हुबळी-धारवाड, बेळगाव व गुलबर्गा येथील मोजक्या प्रभागांत अखंड दाबाने पाणी देण्यास २००८ च्या सुमारास सुरुवात झाली. जलवाहिन्या बदलणे, प्रत्येक जोडणीस मीटर बसविणे आणि टप्प्याटप्प्याने वाढणारी पट्टी आकारणे ही त्याची मुख्य अंगे होत. गळती कमी झाल्याचे समर्थक सांगतात. खाजगी कंपनीकडे दिलेले संचालन आणि उरलेल्या शहरात काही दिवसांआड सुटणारे पाणी यांवर टीकाकारांचा भर असतो.

जलस्रोतांचे आंतरराज्य स्वरूपही येथे ध्यानात घ्यावे लागते. घटप्रभेच्या उपनद्यांपैकी ताम्रपर्णी चंदगडमधून व हिरण्यकेशी आंबोली-आजरा-गडहिंग्लजवरून येते. दूधगंगा व वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यातून निपाणी-चिकोडीकडे वाहतात. खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे मलप्रभेचा उगम आहे, आणि म्हादईचे पाणी तिच्यात वळविण्याच्या कळसा-भांडुरा योजनेचा वाद २०१८ च्या लवादाच्या निवाड्यानंतरही मिटलेला नाही.

कचरा व सांडपाणी : घनकचऱ्यासाठी २००० चे व नंतर २०१६ चे केंद्रीय नियम लागू झाले. त्यांनुसार ओला व सुका कचरा उगमापाशीच वेगळा करणे बंधनकारक असून बेळगावचा कचरा तालुक्यातील तुरमुरी येथील प्रकल्पावर नेला जातो. कर्नाटकाने प्लास्टिक पिशव्यांवर मार्च २०१६ मध्ये, म्हणजे एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवरील १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीच्या बरेच आधी, बंदी घातली. सांडपाण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. शहराचा निचरा वाहून नेणारा बळ्ळारी नाला वडगाव, शहापूर व येळ्ळूर शिवारांतून जातो. पावसाळ्यात तो फुगला की याच काळ्या जमिनीतील, बेळगाव बासमतीसाठी नावाजलेली भातशेती पाण्याखाली जाते. हलगा येथील शुद्धीकरण प्रकल्पाच्या भूसंपादनास शेतकऱ्यांचा विरोध झाला. म्हणजे शहराचे पाणी शुद्ध करण्यासाठीही खेड्यातील पिकाऊ जमीनच लागते.

ग्रामपंचायती : २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ४१ व्या कलमाने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आवश्यक ठरविली. लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे स्थानिक जैवसंपत्तीच्या व तिच्याविषयीच्या ज्ञानाच्या नोंदी, ३१ जानेवारी २०२० पर्यंत पूर्ण करण्याच्या राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या आदेशानंतर देशभर त्या घाईने तयार झाल्या आणि त्यांचा दर्जा असमान आहे. सीमाभागात आणखी एक अडचण संभवते : मराठी गावांत ग्रामसभेची चर्चा मराठीत होते, तर पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी ठराव कन्नडमध्ये लिहितो. खानापूरच्या घाटालगतच्या गावांचा काही भाग पश्चिम घाटाच्या प्रस्तावित संवेदनशील क्षेत्रात येतो. पश्चिम घाटाविषयीच्या गाडगीळ समितीने २०११ मध्ये हद्दी ठरविताना ग्रामसभांचा सल्ला घेण्याची शिफारस केली होती. त्याच विषयावरील त्यानंतरच्या कस्तुरीरंगन समितीच्या अहवालावर आधारलेल्या मसुदा अधिसूचनांना, ज्यांतील सहावी जुलै २०२४ ची आहे, कर्नाटक शासनाने विरोध दर्शविला आहे.