असोसिएशन म्हणजे संप नव्हे ओ

आमच्या लातूरकडं कुणी सिस्टर नर्सेसच्या असोसिएशनची मेंबर झाली की लोक म्हणायलेत, झालं, आता संप! काहींना तर वाटतं लायसन्स पण तिथूनच मिळतं. तसं नाही, रजिस्ट्रेशन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडंच होतं. अमेरिकेतली इमर्जन्सी नर्सेस असोसिएशन १९७० ची, तिचं मेन काम ट्रेनिंग, ट्रॉमाचा, म्हणजे जबर जखमी पेशंट सांभाळायचा, टीएनसीसी कोर्स तिचाच. आता ट्रायेज, म्हणजे आधी कुणाला बघायचं ते ठरवणं, तेच बघा, हात मोडलेलं पोरगं दारात बोंबलायलंय आणि कोपऱ्यात एक आजोबा घामानं डबडबून छातीवर हात ठेवून गपगार बसलेत, तर आधी आजोबांचा ईसीजी, हे सिस्टरला बघताक्षणी कळायला पाहिजे अन ते शिकूनच येतं. आपली टीएनएआय, म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, तर १९०८ ची, मागण्या ती पण मांडते, खोटं कशाला बोलू.