डिस्टन्स म्हणजे ऑनलाइन नव्हे: एमएस्सी मॅथ्सला फॉर्म भरायच्या आधी एवढं वाचा

ॲडमिशनचा सीझन आला की तोच मेसेज येतो, "दादा, मी ऑनलाइन एमएस्सी मॅथ्स करतोय, डिस्टन्सनं." अरे बाबा, दोन्हीतलं एक काय ते सांग. तर म्हणतो एकच की ते, घरात बसूनच करायचं. घरात बसून तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीही होते, म्हणून त्याला कुणी डिस्टन्स म्हणत नाही.

दूरशिक्षण म्हणजे काय हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला नको. शिवाजी विद्यापीठातनं बाहेरनं बीए नाहीतर एमकॉम केलेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या भावकीत असतंय. पुस्तकं, संपर्क सत्रं, असाइनमेंट, आणि केंद्रावर जाऊन पेनानं लिहायचा पेपर. एमएस्सी मॅथ्सही तिथनं दूरशिक्षणानं करता येते. विषय संपला.

घोळ होतो तो पुढं. लॉकडाऊननंतर संपर्क सत्रं मीटिंगच्या लिंकवर यायला लागली, पुस्तकाची पीडीएफ मोबाइलवर, फी यूपीआयनं. मग पोरांना वाटतं, सगळं ऑनलाइनच चाललंय म्हणजे डिग्री ऑनलाइनच. नाही! लेक्चर कशावर बघता यावर मोड ठरत नाही, मान्यता कुठल्या मोडची आहे यावर ठरतो. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) २०२० चं रेग्युलेशन आहे, त्यात मुक्त व दूरशिक्षण एक आणि ऑनलाइन एक, अशा दोन वेगळ्या वाटा आहेत आणि प्रत्येकीची परवानगी वेगळी बघावी लागते. त्यातही परवानगी नुसती विद्यापीठाला मिळत नाही, कोर्सनुसार मिळते आणि ती कुठल्या शैक्षणिक सत्रापासून कुठल्या सत्रापर्यंत तेही बघावं लागतं. म्हणजे असं होऊ शकतं की एखाद्या विद्यापीठाला एमएस्सी मॅथ्सची परवानगी दूरशिक्षणात आहे, ऑनलाइनमध्ये फक्त एमबीएची आहे, आणि बाहेरच्या फ्लेक्सवर मात्र सगळं एका ओळीत 'डिस्टन्स/ऑनलाइन' म्हणून छापलंय. ती मधली तिरकी रेघ बघितली की माझं डोकं फिरतं. शिवाजी विद्यापीठाच्या केंद्राच्या नावात आता दूरशिक्षण आणि ऑनलाइन दोन्ही आहे, ते बरोबरच आहे, पण त्यावरनं तुमचा कोर्स कुठल्या मोडचा ते कळत नाही, ते यादीत बघायला लागतं.

यादी म्हणजे डीईबीची. यूजीसीचा डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो, त्याच्या वेबसाइटवर विद्यापीठ, मोड, सत्र आणि कोर्स हे चारी बघायचं. "सर, विद्यापीठ यूजीसी मान्य आहे की" हे उत्तर नाही, कारण प्रश्न विद्यापीठाचा नव्हताच, कोर्सचा होता. आणि अजून कुणी 'डीईसी अप्रूव्हड' म्हणून माहितीपत्रक हातात दिलं तर तिथनं उठायचं. डीईसी म्हणजे डिस्टन्स एज्युकेशन कौन्सिल, ती २०१३ लाच बंद झाली.

मोड चुकीचा कळला तर बिघडतं काय? गणितवाल्याचं बरंच बिघडतं, कारण परीक्षा बदलते. दूरशिक्षणात केंद्रावर जाऊन सिद्धता हातानं लिहायची. ऑनलाइनमध्ये परीक्षा देखरेखीखाली होते, पण ती काही ठिकाणी सेंटरवरच्या कॉम्प्युटरवर असते आणि काही ठिकाणी घरी कॅमेऱ्यासमोर, तेव्हा पेपर पर्यायाचा की लिहायचा हे फी भरायच्या आधी विचारा. पर्यायाला टिक करून रिअल ॲनालिसिस येत असतं तर काय पाहिजे होतं.

अडल्यावर विचारायचं कुणाला, हाही फरक आहे. युनिफॉर्म कंटिन्युइटी घ्या, म्हणजे फंक्शनच्या किमतीत एप्सिलॉनएवढाच फरक पडावा म्हणून एक्स ज्या डेल्टाएवढा हलवायचा, तो डेल्टा सगळीकडं एकच चालला पाहिजे. ० ते १ च्या मधे एक छेद एक्स हे फंक्शन कंटिन्युअस आहे पण युनिफॉर्मली नाही, पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं. एप्सिलॉन १ धरा. एक्स ०.५ असेल तर डेल्टा १/६ घेऊन भागतं. एक्स ०.०१ वर आणा, आता डेल्टा ०.०००१ च्याही खाली गेला. शून्याकडं जाल तसा तो अजून आवळत जातो, सगळ्यांना चालेल असा एक डेल्टा मिळतच नाही. समोर बसलेला मास्तर हे फळ्यावर दोन मिनिटांत काढून दाखवतो. ऑनलाइन कोर्सला चर्चेसाठी फोरम असावाच लागतो हे खरं, पण तिथं हे टाइप करून विचारताना निम्म्यात प्रश्नच विसरतो माणूस, शेवटी वहीचा फोटो काढून टाकतो आणि उत्तर उद्या येतं. म्हणून माझं मत ठाम आहे, मॅथ्स करायचं आणि केंद्र हाताशी असेल तर दूरशिक्षण घ्या, संपर्क सत्राला समोरासमोर बसायला मिळत असेल तर दांडी मारू नका. सत्र बुडवून वर 'डिस्टन्समध्ये काही शिकवत नाहीत' म्हणणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

ऑनलाइनची बाजू एकाच ठिकाणी भक्कम आहे, हद्द. राज्य विद्यापीठाला आपल्या हद्दीबाहेर दूरशिक्षणाचं अभ्यासकेंद्र काढता येत नाही, आणि शिवाजी विद्यापीठाची हद्द म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा. निपाणी इथनं हाकेच्या अंतरावर पण कर्नाटकात, तिथं केंद्र येणार नाही. ऑनलाइनला ही हद्द नाही. पुण्यात नाहीतर बेंगळुरूत शिफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या पोराला तेच सोयीचं, त्याला मी दूरशिक्षण घे म्हणणार नाही.

बाकी किरकोळ. डिग्रीची किंमत दोन्हीकडं सारखी, मान्यता असेल तर दोन्ही रेग्युलरच्या बरोबरीच्या धरल्या जातात. दोन्हीकडं अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्राअखेरची परीक्षा कमीत कमी ७०. फी ज्याची त्यानं बघावी.

आणि राजारामपुरीत क्लासच्या गर्दीत कुणी "आमच्याकडं फ्रँचायझी आहे, इथंच ॲडमिशन, इथंच पेपर" म्हणत असेल तर लक्षात ठेवा, फ्रँचायझीवर हे कोर्स चालवायला परवानगीच नाही, दोन्ही मोडमध्ये. २०२४ पासून ॲडमिशनला डीईबी आयडी लागतो, त्याला आधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी पाहिजे. दोन्ही स्वतःच्या मोबाइलवर स्वतः काढा, ओटीपी कुणाला सांगू नका, आणि फॉर्मवर मोडचा रकाना भरायच्या आधी डीईबीच्या यादीतल्या त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.